बाराचा रकाना

प्रिय ताई,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड परवापरवापर्यंत पूर्वीइतकंच चालत होतं. ठकू पाच वर्षांची झाली आणि घर डोक्यावर घेते. आणि मला अडतिसावा आठवडा लागलाय. हो, पुन्हा. तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. तुझ्यापर्यंत बातमी पोचवायची आपल्या घरात कुणाची छाती होत नाही. ताई, मला भीती वाटतेय. सगळ्या बायकांना वाटते तशी थोडीफार नव्हे. जेवताना ताट तसंच पुढे सरकवते, जिना उतरताना कठडा सोडत नाही, अशी.

दुकानात बसून लिहितेय. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. चष्मेवाले काका घरी जाऊन आडवे होतात आणि मी डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत पाय वर करून बसते. माझ्या स्टुलावर मी आता मावत नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेय. समोर अक्षरांचा तक्ता, त्यावरचा दिवा तेवढा लावलाय. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवते आणि विचारते, यातून बरं दिसतं की यातून? गंमत म्हणजे निम्मी माणसं तक्त्याकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. बरोबर उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलंय असं त्यांना वाटतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात हसायचे. गेल्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या आणि मीही तशीच त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

एक वाट म्हणजे ठरवून सिझेरियन. येत्या मंगळवारी सकाळी साडेनऊला, उपाशीपोटी यायचं, कमरेत इंजेक्शन, तासाभरात मोकळं. दुसरी म्हणजे कळांची वाट बघायची आणि नॉर्मलचा प्रयत्न करायचा. ठकूच्या वेळच्या ऑपरेशनचा छेद खाली आणि आडवा आहे, मध्ये पाच वर्षं गेलीत, बाळाचं डोकं खाली आहे, तेव्हा करून बघायला हरकत नाही म्हणाल्या. फक्त दोनशे बायकांत एखादीचा आतला जुना व्रण कळांच्या जोराने उसवतो, आणि मग आईला आणि बाळाला वाचवायला मोजकी मिनिटं हातात असतात. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, जंतूंची भीती असते, पुढच्या खेपेला वार भलत्या जागी चिकटू शकते, आणि घरात उड्या मारणारी पोर असताना कितीतरी आठवडे जड काही उचलायचं नाही. हे सगळं मी तुला, बाळंतपणाच्या वॉर्डात वर्षं काढलेल्या सिस्टरला, सांगतेय म्हणजे आजीला जांभई शिकवतेय. पण तू कानाशी असल्यासारखं वाटतं म्हणून लिहिते. ‘इकडे आड तिकडे विहीर’चा वाक्यात उपयोग मी शाळेत किती ऐटीत केला होता. आता एवढं पोट घेऊन त्या दोहोंच्या मधोमध उभी आहे.

घरात मतांना तोटा नाही. आमचा गृहस्थ तुला माहीतच आहे, बस डेपोत वेळापत्रकं आखणारा माणूस. मंगळवार साडेनऊ ऐकलं आणि त्याच्या जिवात जीव आला. तारीख, वेळ, खोली, सगळं आधी ठरलेलं. आपलं बाळ तरी वेळेवर सुटेल म्हणतो. आईचं नेमकं उलट. तिने तुझ्या वेळी सव्वीस तास काढले आणि माझ्या वेळी चार, आणि या दोन्ही गोष्टी ती कुणालाही सांगते. गेल्या आठवड्यात दुधाच्या दुकानात रांगेतल्या एका परक्या माणसाला सांगत होती, तो बिचारा सुट्टे पैसे विसरून निघून गेला. शुक्रवारी मला म्हणाली, कापाकापी कशाला, मागच्या वेळीसुद्धा सगळं नीटच होणार होतं. एवढं बोलून तिने ठकूच्या डाव्या पायाकडे बघितलं. पुढचं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, कारण सगळ्यांना पाठ आहे. ताई बाराची तपासणी विसरली नसती तर.

ठकूचं तुला सांगायला हवं. डावा पाय अजून थोडा ओढते. चालताना परक्याला कळत नाही, धावायला लागली की दिसतं. रोज सकाळी व्यायाम असतो, पाय वीस वेळा ताणायचा. ती एकोणीस गाळून सरळ वीस म्हणते आणि पळते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या दुपारच्या दीड तासामुळेच हे झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्यामुळे झालं नाही असंही नाही. तू दर वाढदिवसाला बूट पाठवतेस. आई खोकं न उघडता माळ्यावर टाकते. मी ते गुपचूप काढते आणि ठकूला घालते. दरवर्षी अगदी मापाचे निघतात. पोरीला पाच वर्षांत एकदाही न बघता तुला माप कसं कळतं? तिला वाटतं मीच बाजारातून आणले. तेही मी तिला खोटंच सांगितलंय.

आता शुक्रवारचं नीट सांगते. डॉक्टरीणबाईंनी मागच्या बाळंतपणाचे कागद मागवून घेतले होते. त्यात तो चौकटींचा तक्ता निघाला, दर चार तासांनी पिशवीचं तोंड किती उघडलं ते लिहायचा. सकाळी आठला सहा सेंटिमीटर. त्याच्या शेजारी बाराचा रकाना, कोरा. मग एकदम दीड वाजता लाल शाईत बाळाचे ठोके पडल्याची नोंद आणि धावपळीचं ऑपरेशन. आणि अगदी खाली तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात, ‘बाराची तपासणी राहून गेली. जबाबदारी माझी.’ पुढे सही. मी तो कागद जन्मात पहिल्यांदा पाहिला. लोक म्हणतात म्हणून मला माहीत होतं, पण तू ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं असशील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, तुमच्या शरीराचा काही दोष दिसत नाही, त्या सिस्टरचा हलगर्जीपणा नडला. वेळेवर तपासलं असतं तर कदाचित बाळंतपण छान पुढे सरकलेलं दिसलं असतं. म्हणून तर मी तुम्हाला नॉर्मलचा प्रयत्न करा म्हणतेय. मी मान डोलावली. ताई, मी तिथे बसून मान डोलावली, पर्स उचलली आणि घरी आले.

शनिवारी दुकानात एक ट्रकचालक आला. गेल्या महिन्यात मीच त्याचे डोळे तपासले होते. नव्या चष्म्यातून दूरच्या पाट्या दिसत नाहीत म्हणून भांडायलाच आला होता. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला की नोकरी जाईल या भीतीने त्याने बाहेर बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ केला होता, आत येऊन घडाघडा म्हणून दाखवला, आणि मी त्यावरून नंबर काढला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. खोटं वाचून दाखवलंत तर मी खरा चष्मा कुठून देऊ, म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मीच वाक्य अर्धवट सोडून भिंगांची पेटी मिटली. काका म्हणाले, बरं वाटत नसेल तर घरी जा. घरी गेले नाही. या खोलीत येऊन दार लावून बसले, इतकी घाबरले होते. कारण मी कुठली वाट धरू ते मला सांगणारी बाई ज्या कागदावरून सांगत होती, तो कागदच खोटा होता, आणि ते ठाऊक असलेली माणसं जगात दोनच, तू आणि मी.

तू विसरली नव्हतीस. बाराला पाच कमी असतानाच तू हातमोजे चढवून आलीस. तपासलंस आणि तुझा चेहरा उतरला. अजून सहाच आहे, म्हणालीस, चार तासांत तसूभर पुढे नाही, डॉक्टरांना बोलावते. मी तुझं मनगट धरलं. मला कापून घ्यायचं नव्हतं. नऊ महिने आईचे सव्वीस तास ऐकले होते, तुझं कौतुक ऐकलं होतं, आणि मला एकदा तरी आईच्या त्या कौतुकाच्या गोष्टीत बसायचं होतं. किती क्षुल्लक वाटतं गं आता हे लिहिताना. मी म्हणाले, एक तास दे, लिहू नकोस, बोलावू नकोस. तू दोनदा नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा मी रडले आणि तुला माझ्या गळ्याची शपथ घातली, आणि तू पेन खिशात ठेवलंस. तू चुकलीस, हे मी झाकणार नाही. तू त्या खोलीतली शहाणी होतीस आणि मी कळांनी वेडी झालेली. पण तू विसरली नव्हतीस. नंतर दवाखान्याच्या जिन्यात ठकूचा बाप तुला नाही नाही ते बोलला, आईने तोंड फिरवलं, आणि मी खाटेवर मूग गिळून पडून राहिले. पहिल्या दिवशी मला गुंगी होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. तू बाळंतपणाचा वॉर्ड सोडून दूरच्या गावी लस टोचायच्या खोलीत बदली मागून घेतलीस हे कळलं, तेव्हा तर मी चांगली हिंडतफिरत होते. सांगू सांगू म्हणत पाच वर्षं गेली. ठकूचा पाय बघितला की वाटायचं, हे माझ्यामुळे असं घरात कळलं तर माझ्याकडे कोण बघेल.

सोमवारी सांगितलं. दोघांना समोर बसवून, ठकूला शेजारी पाठवून. हा उठून बाहेर गेला, दोन तासांनी आला आणि एवढंच म्हणाला की तू मला इतकी वर्षं चुकीच्या माणसाशी भांडायला लावलंस. आई रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, आणि तिनं पाच वर्षांत कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही? मी नाही म्हटलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, गोळ्या पुढे करते, बोलत नाही. तिचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय आणि मला ते सोसवत नाही. तुला हे पाच वर्षं सोसावं लागलं.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला चांगलं झापलं. मग कागद पुन्हा पुढे ओढला. मागच्या वेळी चार तास अडकलं होतं आणि हेही बाळ थोराड दिसतंय, तेव्हा नॉर्मल होण्याची शक्यता शुक्रवारी सांगितली त्यापेक्षा बरीच कमी, म्हणाल्या. दार बंद नाही, पण मी आता तुम्हाला आग्रह करणार नाही. निवड अजूनही तुमचीच. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मंगळवार, म्हटलं. सुरीची भीती वाटते, त्या थंडगार टेबलाची वाटते, शुद्धीत असताना पोटात कुणाचे हात फिरतात त्याची तर फारच वाटते. तरी मंगळवार.

पण आज बुधवार आहे, ताई, आणि सकाळपासून पाठीत बारीक दुखतंय. उगाचच असेल. मंगळवारच्या आधी कळा सुरू झाल्या तर थेट ऑपरेशनला न्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलंय, पण आयत्या वेळी त्यांना मला पुन्हा विचारावंच लागेल, आणि माझी खरी भीती तीच आहे. मी स्वतःला ओळखते. कळा आल्या, डोकं खाली सरकल्यासारखं वाटलं, की मी म्हणणार, थांबा, एक तास बघू. हा माझ्या रडण्यापुढे टिकत नाही. आई टिकेल, पण आई थांब म्हणणाऱ्यांतलीच. हे पत्र पोस्टात टाकणार होते, पण हाच म्हणतोय की संध्याकाळच्या गाडीने मी स्वतः घेऊन जातो, तिला मला काही बोलायचं असेल तर समोर बोलू दे. तेव्हा त्याला हवं ते बोल, मला हवं ते बोल, पण त्याच्याबरोबर ये. सिस्टर म्हणून नको, माझ्या उशाशी बस. मी तुला पुन्हा शपथ घालेन. गळ्याची घालेन, ठकूची घालेन, पोटातल्याची घालेन. मागच्या वेळी तू ती पाळलीस. या वेळी मोड, आणि ते मला सही करायला लावतील तेव्हा माझा हात धरून करून घे. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं.

तुझीच,
धाकटी