सिगारेट मी सोडली, बाबासोचं सांगता येत नाही

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

आजपासून सिगारेट बंद. कायमची. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मर्जीनं.

क्षिप्राचा पुण्याहून फोन आला, हा निव्वळ योगायोग. तिचं पहिलं बाळंतपण इथे माहेरी, नेरूळला करायचं ठरलंय. डॉक्टरही इथलेच बघून ठेवलेत. पण पोरीनं फोनवर सांगितलं की बाबांनी सिगारेट सोडली तरच येईन, नाहीतर सरळ नाशिकला सासरी जाते. मला नाही सांगितलं, आईला सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसलो होतो. मायलेकींचं आधी ठरलं असावं.

वरच्या मजल्यावरचा बाबासोही सोडतोय. जासईच्या कंटेनर यार्डात तो वजनकाट्यावर, मी गेट ऑफिसात. कंपनीच्या बसमध्ये कैक वर्षं शेजारी शेजारी बसतो आणि दुपारच्या चहानंतर एकत्र ओढतो. म्हणजे ओढायचो. आज गच्चीवर हातावर हात मारला. जो आधी ओढेल त्यानं स्वतः येऊन दुसऱ्याला सांगायचं. मी लगेच कबूल झालो. तोही लगेच कबूल झाला. इतक्या लगेच का, ते कळलं नाही.

उरलेलं पाकीट फेकवेना. टपरीवाल्या कुलदीपकडे ठेवायला दिलं. मोह घरात नको.

४ नोव्हेंबर

उत्तम जमतंय. त्रास शून्य. दिवसभरात फक्त एका ट्रेलरवाल्याच्या अंगावर ओरडलो आणि डब्यात दुधी निघाला म्हणून डबा बंद करून टाकला. त्याचा सिगारेटशी संबंध नाही, दुधीशी आहे.

बाबासो बसमध्ये शीळ वाजवत होता. सिगारेट सोडलेला माणूस शीळ वाजवत नाही. त्रास होतो का विचारलं तर म्हणाला, लई होतोय, पण सोसायचं. हसत हसत म्हणाला.

७ नोव्हेंबर

डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम लिहून दिलं. तलफ आली की थोडं चावायचं आणि गालात दाबून ठेवायचं. चव जुन्या टायरवर मिरपूड टाकल्यासारखी. मला हा कंपन्यांचा डाव दिसतो. आधी सिगारेटची सवय लावायची, मग ती सोडवायला गमची. मी कुणाच्या डावात सापडणारा नाही. गम बंद केलं.

नंदिनी माझा शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी नाकाला लावते. स्वतः पाहिलं. विचारलं तर म्हणाली घामाचा वास येतोय का ते बघते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पूर्वी कधी बघितला नव्हता. देवाजवळची काड्यापेटीही जागेवर नाही. कुठे गेली विचारलं, तर म्हणाली, देवांनी मागितली की देईन, तुम्हाला कशाला हवी?

या घरात विश्वास नावाची गोष्ट उरलेली नाही.

१० नोव्हेंबर

महत्त्वाचं.

बाबासो संध्याकाळी बसमधून उतरला की घरी येत नाही. सारसोळ्याकडे जातो, खाडीच्या दिशेनं. आज विचारलं. म्हणाला, पाय मोकळे करून येतो. मीपण येतो म्हटलं तर म्हणाला, नको, तुझा गुडघा दुखतोय. माझा गुडघा दुखतो हे खरं आहे. पण माझ्या गुडघ्याची काळजी त्याला कधीपासून वाटायला लागली?

परत आला तेव्हा लिफ्टमध्ये गाठला. तोंडाला पेपरमिंटचा वास. माणूस पेपरमिंट कशासाठी खातो हे मला कुणी शिकवायला नको. उभा जन्म खाल्लंय.

११ नोव्हेंबर. संध्याकाळ.

पाळत सुरू केली. कुलदीपच्या टपरीवरून खाडीचा रस्ता सरळ दिसतो. पण टपरीवर माणूस नुसता उभा राहिला की लोक बघतात. कुलदीपसुद्धा बघायला लागला. संशय नको म्हणून त्याच्याकडे ठेवलेल्या माझ्याच पाकिटातली एक घेतली. नुसती ओठांत धरली. न पेटवलेली सिगारेट धरून उभा असलेला माणूस आणखीच विचित्र दिसतो. म्हणून पेटवली.

ही ओढण्यात धरता येणार नाही. ही कामाची. बाबासोला जाऊन सांगायचाही प्रश्न येत नाही, कारण पाळत त्याच्यावरच आहे.

बाबासो नेमका कधी निघून गेला ते लक्षात आलं नाही. सिगारेट बरी होती.

१४ नोव्हेंबर

सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊन आलो. बाबासो दिसला नाही. पण उलट्या घातलेल्या एका होडीशेजारी विडीची थोटकं सापडली. बाबासो तरुणपणी विडी ओढायचा, हे त्यानंच मला सांगितलंय.

आता, जेट्टीवर विडी ओढणारे दुसरेही असतील, हे मी लक्षात घेतलं. आपण न्यायानं वागायचं. म्हणून त्याच छापाचं बंडल घेतलं, दोन विड्या ओढल्या आणि थोटकं शेजारी ठेवून पाहिली. हुबेहूब. मी ओढलेल्या विडीचं थोटूकही तसंच दिसतं, याचा अर्थ काय लावायचा ते अजून ठरलेलं नाही.

घरी येताना पेपरमिंट खाल्लं.

१७ नोव्हेंबर

नंदिनी आणि संध्यावहिनी, म्हणजे बाबासोची बायको, जिन्यात उभ्या राहून कुजबुजत होत्या. मी दिसताच वहिनी मेथीच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. नंदिनीच्या हातात फोन होता आणि फोनवर क्षिप्रा होती. क्षिप्राला पुण्यात बसून नेरूळच्या मेथीचं काय पडलंय?

रात्री जेवताना नंदिनीला सूचक शब्दांत म्हणालो, बाबासोचं लक्षण मला ठीक दिसत नाही. ती म्हणाली, तुम्ही आपलं बघा. मी माझंच तर बघतोय. आता पाळतीसाठी रोज एक, कधी दोन. सोडण्याआधीचा आकडा आठवला तर हे सोडल्यातच जमा आहे.

१९ नोव्हेंबर

आज कर्तव्य केलं. बाबासो घरी नाही अशा वेळी वर गेलो आणि संध्यावहिनींना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तो तुम्हाला फसवतोय. खाडीवर जाऊन विड्या ओढतो. माझ्याकडे पुरावा आहे.

मला वाटलं त्या चिडतील, त्याला जाब विचारायची भाषा करतील. त्यांनी फक्त गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात बाबासोच्या छातीत दुखलं होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर असाच चेहरा करून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, चहा ठेवू का भाऊजी? मी नको म्हटलं.

खरं बोललं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. गुडघ्यामुळे असेल.

२० नोव्हेंबर

बाबासो बसमध्ये पुढच्या सीटवर बसला. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मन खात असणार त्याला.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्षिप्रा आणि जावई आशुतोष भेटून गेले. क्षिप्रा चांगली गोल झालीय, चालताना पाठीवर हात ठेवते. माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, सुटली ना हो? मी म्हटलं, केव्हाच. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडा वेळ तशीच राहिली. मग उठून खिडकीशी जाऊन बसली. उकडत होतं म्हणाली. नोव्हेंबरात?

आशुतोषच्या गाडीत मोगऱ्याचं सेंट होतं. भयंकर. एवढा मोगरा माणूस काहीतरी झाकायलाच ठेवतो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, म्हणून जेवणानंतर त्याला गच्चीवर नेलं आणि सहज एक पुढे केली. तो म्हणाला, मी ओढत नाही बाबा. लाजत असेल, म्हणून त्याला मोकळं वाटावं यासाठी मी स्वतः पेटवली. तो शेवटपर्यंत कठड्याशी उभा राहून पामबीच रोडकडे बघत होता. फार मुरलेला आहे.

खाली आल्यावर त्यानं क्षिप्राच्या कानात काहीतरी सांगितलं. चहा न घेता निघाले. पुण्याला पोचायला उशीर होतो म्हणे.

२७ नोव्हेंबर

पाळत संपली. काय झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

यार्डातून लवकर निघालो आणि बाबासोच्या आधी जेट्टीवर पोचलो. त्या उलट्या होडीमागे बसलो. वाट बघताना हाताला चाळा हवा म्हणून एक पेटवली. बाबासो आला. पलीकडे ताडपत्रीखाली दुर्गाबाई म्हणून एक कोळीण फाटकं जाळं पसरून बसली होती. हा तिच्यासमोर मांडी घालून बसला, पेपरमिंटची पुडी काढून बाजूला ठेवली, हातात सुई घेतली आणि जाळ्याची भोकं सांधायला लागला. वजनकाट्यावरचा बाबासो. जाळं. मी नीट बघितलं. विडी नाही, सिगारेट नाही. गाठ चुकली की ती बाई त्याच्यावर खेकसायची आणि तो मुकाट्यानं उसवायचा.

तेवढ्यात वारा फिरला.

दुर्गाबाई ओरडली, "कोन हाय रं होडीमागं? धूर कुनाचा?"

बाबासो उठून आला. मी बसलेला, गुडघा आखडलेला, हातात सिगारेट. टाकायला वेळच मिळाला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, तुला पकडायला आलो होतो.

तो माझ्या शेजारी वाळूत बसला. म्हणाला, हाताला काम असलं की तलफ मारता येते. तू हसशील म्हणून सांगितलं नव्हतं. पुढचं त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही.

"संध्यानं सांगितलं तू काय बोललास ते. मी तिलाच समजावलं, म्हटलं, दिनानाथनं सोडलीया, त्येला तरास व्हतोय, डोकं ठिकाणावर नसंल बिचाऱ्याचं. मला बी रात्री तलफ आली की मी म्हणायचो, खाली दिनानाथ सोसतोय, मग मला का जमू नये."

सिगारेट वाळूत विझवली. उठता येईना तर त्यानं हात दिला. हाताला मासळीचा वास होता. तंबाखूचा नव्हता. मी खात्री करून घेतली.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबासो काल बसमध्ये पुन्हा शेजारी येऊन बसला. म्हणाला, उद्यापासून तू पण ये जेट्टीवर, दुर्गाबाईकडे आणखी एक सुई आहे. विचार करतो म्हटलं.

विचार केला. जाळी विणून सिगारेट सुटते यावर माझा विश्वास नाही. शिवाय यात त्याचा हेतू काय? मला डोळ्यासमोर ठेवून माझ्यावर नजर ठेवायची, दुसरं काय. माणसानं माणसावर असा संशय घेणं मला पटत नाही.

उद्या एक तारीख. उद्यापासून एकदम बंद.

३ डिसेंबर

महिन्याची सुरुवात चुकली. यार्डात गाड्यांची रांग लागली, साहेब तापलेले, मी तरी काय करणार. क्षिप्रा रविवारी येतेय म्हणून नंदिनी म्हणाली. म्हणजे येतेय. म्हणजे आशुतोषनं काही सांगितलेलं नाही. त्याच्याबद्दल माझा गैरसमज झाला होता, चांगला मुलगा आहे. ती येईल त्या क्षणी सोडायची. असा ठोस मुहूर्त असला की बरं पडतं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळपासून कामाला लागलो. क्षिप्राच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, पडदे धुतलेले लावले, उदबत्ती फिरवली. तिच्या पलंगाला उशा जास्त लागतील म्हणून माझीही नेऊन ठेवली. गाडी आली तसा दार उघडून उभा राहिलो.

लिफ्ट आली. थांबली नाही. वर गेली.

मला वाटलं बटण चुकलं. बराच वेळ उभा होतो. मग नंदिनी जिन्यानं खाली आली, सरळ आत गेली, स्वतःची गादी गुंडाळली, लहान कुकर घेतला, डिंकाच्या लाडवांचा डबा घेतला. क्षिप्रा बाबासोकडे राहणार आहे. त्याची मुलगी मैत्री बंगळुरूला असते, तिची खोली रिकामीच आहे. नंदिनीही वरच राहणार. जिन्यातली ती कुजबुज याचीच होती. पण तेव्हा नुसता विचार चालला होता. गच्चीवरून खाली आल्यावर आशुतोषनं जे सांगितलं, त्यानंतर पक्कं झालं.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? बाप आहे मी.

नंदिनी दारात थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तिला आई हवी होती आणि धूर नको होता. दोन्ही वरच मिळतंय."

मी म्हटलं, आणि बाबासोला चाललं हे? मी त्याच्याबद्दल एवढं बोलल्यावर? ती म्हणाली, खोली त्यांनीच देऊ केली.

९ डिसेंबर

घर माझं एकट्याचं. शर्ट कुणी हुंगत नाही. काड्यापेटी देवाजवळ परत आलीय, जाताना नंदिनीनंच ठेवली. हॉलमध्ये पंख्याखाली बसून ओढली तरी विचारणारं कुणी नाही. दोन ओढल्या. वरून क्षिप्राच्या हसण्याचा आवाज येत होता. बाबासो काहीतरी सांगत असावा. पूर्वी तिला माझ्याच गोष्टींवर एवढं हसू यायचं.

संध्याकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दात घासले, क्षिप्राला आवडतात म्हणून संत्री घेतली. जिन्यात धीर यावा म्हणून एक ओढली. पूर्ण नाही. पेपरमिंट खाल्लं आणि बेल वाजवली.

दार बाबासोनं उघडलं. आत क्षिप्रा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे बघून हात हलवला. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात बाबासो जरा पुढे झुकला. माझ्या तोंडाजवळ. नाकानं श्वास घेतला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर.

"आज नको, दिनानाथ. उद्या ये."

त्यानं संत्री घेतली आणि दार लावलं. हळूच लावलं.