वगळलेलं प्रकरण

पिनार देल रिओ
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

प्रिय एलिएसेर,

तुला आणि अनाइसाला खूप प्रेम, आणि लेकीचा माझ्या वतीनं एक पापा घे. इथे आम्ही ठीक आहोत. तू पाठवलेला चष्मा आईला बरोबर बसला. आता तिला तांदळातले खडे दिसतात आणि माझे पांढरे केसही, आणि दोन्हींबद्दल ती सारखीच कुरकुर करते. रताळी यंदा बरी आली. वीज संध्याकाळी जायची ती जातेच. हे पत्र टपालानं नाही, आपल्या चर्चचे फादर स्वतः तिकडे घेऊन येताहेत, वाटेत कुणी उघडणार नाही, म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

कारखान्यात सिगार वळणाऱ्यांना सध्या काय वाचून दाखवतेस, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा ‘एक भुताची कादंबरी’ एवढंच सांगून मी मोकळी झाले. पण त्या कादंबरीनं आमच्याकडे सरळ दोन तट पाडले आहेत.

पुस्तक अवाढव्य आहे. तीन खंड. ईस्टर झाल्यावर सुरू केलं, अजून तिसऱ्याला हात लागलेला नाही. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, हा क्रम तुझ्या वेळचाच. गोष्ट कोळ्यांच्या एका गावाची आहे. समुद्रात बुडालेली माणसं भरतीबरोबर परत येतात, आपापल्या घराचं दार वाजवतात आणि आपली खाट मागतात. मारत नाहीत, चावत नाहीत. नुसती ओली उभी राहतात.

एउसेबिओ तुला आठवत असेल, खिडकीजवळ बसतो तो तोंडाळ. त्याचं म्हणणं, या लेखकाला पानांवर पगार मिळत असणार. त्याचा माणूस खाटेवरून उठून दारापर्यंत पोचतो तोवर आपली सिगारची एक पेटी भरून होते. तंबाखूच्या पानांच्या शिरा काढणाऱ्या बायकांना नेमकं तेच आवडतं. त्या म्हणतात, झटकन बसणारी भीती फाटकाबाहेर पडेपर्यंत ओसरते, ही मात्र आपल्याबरोबर घरी येते आणि जेवायला बसते. त्यांच्यातल्या एकीनं नवऱ्याला खाट दारापासून हलवायला लावली. काहींचं म्हणणं, अंधार घरी फुकट मिळतोच, कामावर आणखी कशाला? आणि फेर्मिन, आमच्या वाचन समितीचा प्रमुख, त्याला वेगळीच काळजी: भीतीच्या प्रकरणांच्या वेळी सिगार सैल वळले जातात. पुस्तक बंद करावं म्हणून दोनदा मतं घेतली. दोन्ही वेळा ते थोड्या मतांनी बचावलं.

दोन्ही वेळा ओबदूलियामावशीनं ‘चालू ठेवा’ म्हणून हात वर केला होता. मी मंचावर बसते, मला सगळे हात दिसतात.

तिचं नाव आलं म्हणून पत्र खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या खंडातलं मोठं प्रकरण आलं. एका म्हातारीचा बुडालेला मुलगा तिच्या दाराशी येतो. आदल्या दिवशी मी दार वाजतं तिथे थांबले होते. दुसऱ्या दिवशी मावशी दाढ काढायला दवाखान्यात गेलेली. फेर्मिननं ती संधी साधून सगळ्यांना विचारलं, हे प्रकरण मावशीसमोर कसं वाचायचं? तिच्या पोटचा रेइनिएर समुद्रात गेला आणि परत आला नाही, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. एरवी एकमेकांचं ऐकून न घेणारे दोन्ही तट पहिल्यांदाच एक झाले. तिच्या मागेही नको, प्रकरण वगळायचंच, असं ठरलं. त्या दुपारी मी एक जुनी प्रेमकथा वाचून वेळ काढली. मीही हो म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर फक्त तिच्यासाठी नाही. मलाच ते मोठ्यानं वाचायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली, गाल सुजलेला, रुमाल बांधलेला. मी पुढच्या प्रकरणापासून सुरुवात केली. म्हातारी बाजारात मासळी विकते आहे, केसांत मीठ आहे, शेजारणी तिच्याशी बोलत नाहीत. पान संपत आलं तेव्हा मावशीनं हातातली पानं कापायची सुरी फळीवर ठेवली आणि शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“सोराइदा, परवा दार बंद होतं. ते कुणी उघडलं?”

फेर्मिन उठला. त्यानं शक्य तेवढ्या मऊपणानं सांगितलं की मधलं प्रकरण गाळलंय, सगळ्यांच्या मतानं, तिला त्रास होऊ नये म्हणून.

“माझ्यासाठी केलंत ना? मग मला विचारायचंत.”

तिचा आवाज चढला नव्हता. दाढेमुळे शब्द जरा जाड येत होते, तेवढंच. ती म्हणाली, “रेइनिएर गेल्यापासून तुम्ही माझ्या देखत समुद्राचं नाव काढत नाही. मासे म्हणतानासुद्धा अडखळता. मी आले की विषय बदलता, मला कळत नाही का? आणि हा कोण कुठला लेखक, त्यानं एवढी पानं नुसती बुडालेल्यांवर खर्च केली. तुमच्याकडून एक वाक्य आलं नाही. वाच गं तू. जे गाळलंस ते वाच.”

फेर्मिननं माझ्याकडे पाहिलं, मी पानं मागे उलटली.

तुला मी ते सगळं सांगत बसत नाही. म्हातारी दार उघडते. मुलगा आत येतो, खाटेवर बसतो, आणि पाण्यात काय झालं ते तिला पहिल्यापासून सांगतो. बोट कशी उलटली, कुणाचा हात सुटला, शेवटी थंडी वाजायची कशी थांबली. ते बरंच लांब आहे. एउसेबिओच्या भाषेत बोलायचं तर दहा पेट्या भरतील. एके ठिकाणी थांबून मी पाणी प्यायले आणि पुन्हा वाचायला लागले. शेवटची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. संपल्यावर काहींनी फळीवर सुऱ्या वाजवून दाद दिली. एउसेबिओनं आपली सुरी मुद्दाम जमिनीवर टाकली, नापसंतीची टाकतात तशी. त्याचं मत अजून तेच आहे: पुस्तक फार लांबलंय आणि त्यात काडीचा अर्थ नाही. पण बाहेर पडताना तो मावशीच्या बाकापाशी थांबला आणि म्हणाला, “रेइनिएर माझ्याशी डॉमिनोत लबाडी करायचा.” त्यावर ती हसली. दाढ दुखत असून हसली.

सगळे गेले तरी ती थांबली होती. मी पुस्तक कपाटात ठेवत होते. ती म्हणाली, “बघ, त्या बाईला निदान मुलानं येऊन सांगितलं. माझा काही येणार नाही. मी वेडी नाही, भुतं पुस्तकात असतात, मला ठाऊक आहे.” मग म्हणाली, “पण तुझा भाऊ होता त्याच्याबरोबर.”

एलिएसेर, एवढ्या काळात तिनं हे माझ्याजवळ एकदाही काढलं नव्हतं. ती मला रस्त्यात भेटते, आईची चौकशी करते, तुझीही करते. तुझ्या मुलीसाठी तिनं मोजे विणून दिले होते. ते तिनं विणलेत हे मी तुला तेव्हा कळवलं नाही, कारण मग तू ते लेकीच्या पायात घातले नसतेस.

तिला सांगायला मला तरी काय ठाऊक आहे? तीन वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टात तुम्ही दोघं देश सोडून एकाच तराफ्यावरून गेलात. तुझा पहिला फोन आला तेव्हा तू म्हणालास, मी पोचलो, रेइनिएर नाही. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तू हवेबद्दल बोललास, कामाबद्दल बोललास, नाहीतर लाइन तुटली. मी तुला दोष देत नाही. काय घडलं असेल याचा विचार मी मुद्दामच पुढे जाऊ दिला नाही. तू जिवंत आहेस एवढं मला पुरत होतं. तिला कसं पुरेल?

तिचं मागणं मोठं नाही. तो घाबरला होता का, हे तिला हवंय. दिवस होता की रात्र. झोपेत गेला की जागा होता. त्यानं तिला हाक मारली का. मी विचारलं, ऐकवेल तुला ते? ती म्हणाली, “मी रोज त्याहून वाईट काहीतरी रचते गं.”

मी तिला तुझा पत्ता दिला. तुला न विचारता दिला, आणि तुला राग आला तरी तो परत मागणार नाही. पण तिनं पहिलं पत्र लिहावं अशी वेळ आणू नकोस. तू लिही. तिच्या नावानं लिही. तुझा हात सुटला असेल तर तेही लिही. ती तुला शाप देणार नाही. आणि दिलाच, तर तो माझ्यासमोर देईल, कारण तिचे डोळे आता बारीक अक्षराला चालत नाहीत, आणि पत्र आलं की मीच तिच्या स्वयंपाकघरात बसून ते वाचून दाखवावं असं तिनं सांगून ठेवलंय. म्हणजे तू तिला जे सांगशील ते माझ्या तोंडून बाहेर पडेल, हे लक्षात ठेवून लिही आणि तरीही काही गाळू नकोस. मी मधलं पान उलटणार नाही.

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती तुला आशीर्वाद सांगते.

वाचायला तयार असलेली,
तुझी बहीण
सोराइदा