घुबड, राक्षस, चेटकीण आणि माझी खुर्ची

४ जून २०१७, रविवार. दुपार.
हरलो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. पत्तेच भिकार आले.
दर रविवारी सकाळी शनिवार पेठेत प्रज्ञेशच्या घरी तो, पूर्वा, शुभंकर आणि मी असे चौघं जनावरं-राक्षसांच्या पत्त्यांचा कार्ड गेम खेळतो. चौघांत एकच जिंकतो आणि गेलं वर्षभर तो मी नाही. बाकीचे मोठमोठी जनावरं टेबलावर आणतात आणि ढुशा मारतात. त्यात डोकं ते काय? माझं कॉम्बो, म्हणजे तीन पत्त्यांची साखळी, हे डिझाइन आहे. घुबड टेबलावर आलं की तिघांचा एकेक पॉइंट जातो, आणि पॉइंट संपले की माणूस बाद. राक्षस घुबड खातो. चेटकीण मेलेलं घुबड परत आणते. पुन्हा पॉइंट, पुन्हा खाणं, पुन्हा आणणं. एका टर्नमध्ये तिघं खलास. फक्त ही तिन्ही एकाच वेळी जिवंत हवीत. तेवढंच राहिलंय.
निघताना प्रज्ञेश म्हणाला, पूर्वाच्या ऑफिसातली राजनंदिनी खेळायला यायचं म्हणतेय आणि खुर्च्या चारच आहेत. जूनअखेर ज्याच्या नावावर एकही विजय नसेल त्याने खुर्ची सोडायची. सगळे माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही.

५ जून, सोमवार
संकल्प: तोंड बंद. कॉम्बो कोणालाही समजावून सांगायचं नाही.
कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला सांगितलं. तो खेळत नाही, त्यामुळे धोका नाही. हिंजवडीला जायचं सोडून तो वाकडलाच उतरला. काम असेल.

११ जून, रविवार
राक्षस आला. चेटकीण आली. घुबड हातात. फक्त एक फेरी तग धरायची होती. तेवढ्यात शुभंकरने अगदी साळसूदपणे विचारलं की यातून पुढे नक्की काय होतं. वर्षभर समोर बसूनही त्याला कळलेलं नाही. कीव आली. विचारल्यावर सांगायचं नाही हे काही आपले संस्कार नाहीत. सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि राक्षस मारला. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर गाढवाला ती नीट समजली होती.
बायको, नम्रता, म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं आहे. तिघं विरुद्ध एक. तिला हे पटत नाही.

१८ जून, रविवार
डोकं फिरलंय.
राक्षस आणि चेटकीण दोन्ही जिवंत. माझा टर्न. मी घुबडाला हात घातला. पूर्वाने हातातलं कार्ड सगळ्यांना दाखवलं, म्हणाली, मारायला कार्ड आहे पण टर्न माझा नाही, नशीब तुझं. आता चूक ती चूक. मी तिला कार्डावरची ओळ वाचून दाखवली की हे दुसऱ्याच्या टर्नलाही वापरता येतं. ती थँक्यू म्हणाली. चेटकीण मेली. शुभंकर हसत हसत गॅलरीत गेला तो बराच वेळ आलाच नाही.
थँक्यू काय म्हणते? हातातोंडाशी आलेला घास. तरीही नियम न समजलेल्या माणसांना हरवण्यात काही अर्थ नव्हता, असं मी आता ठरवलं आहे.
जेवलो नाही. मग जेवलो.

२२ जून, गुरुवार
खुर्ची गेली तर? ऑफिसात मी बोलायला लागलो की लोकांना कॉल येतात. प्रज्ञेशकडे निदान तिघं आपापला टर्न येईपर्यंत ऐकतात तरी. ती खुर्ची मला हवी आहे. एवढं खरं.

२५ जून, रविवार
जिंकलो.
आज शेवटचा रविवार. पत्ते वाटून झाले. मी म्हटलं, आज मी कसा जिंकणार ते आधी थोडक्यात सांगतो. प्रज्ञेशने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, मान्य, तू जिंकलास. पूर्वानेही ठेवले. शुभंकरनेही. खुर्ची वाचली. कॉम्बोची नुसती दहशत, पत्ता टाकावाच लागला नाही.
मग ते म्हणाले, आता दुसऱ्या नंबरसाठी खेळतो. जिंकणाऱ्याने उठायचं म्हणे. राजनंदिनी नुसती बघायला आली होती, ती बसली. छान हसतखेळत चाललं होतं त्यांचं.

२ जुलै, रविवार
जिंकलो. चहा यायच्या आत. खुर्ची माझीच आहे. राजनंदिनी मी उठल्यावरच बसते.

९ जुलै, रविवार
सलग तिसरा विजय. आज म्हटलं, निदान घुबड टेबलावर येईपर्यंत तरी हार मानू नका. शुभंकर म्हणाला, तो लोणी काळभोरहून इतक्या लांब खेळायला येतो. प्रज्ञेश एकदम आदराने बोलायला लागला, म्हणाला आपण विजेते, आपल्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. चपला त्यानेच शोधून दिल्या.
घरी आलो. नम्रताला सांगितलं, पुन्हा जिंकलो. तिने विचारलं, एवढा जिंकतोस तर पोहे व्हायच्या आत घरी कसा येतोस?
मी तिला काहीच समजावून सांगितलं नाही.