शुक्रवारची मागची सीट

१३ जून १९९४, सोमवार
आजपासून माझी वही. बोलते मी, लिहिते सून. अक्षर मालीनेओचं, डोकं माझं. तिला सांगून ठेवलंय, मी खोकले तरी ते लिहायचं नाही.

आमच्या डोंगरात जून म्हणजे ऐन हिवाळा, तरी मिशनचे पाहुणे वर आले. जीपचा आवाज दुपारभर डोंगरात फिरत होता, गाडी दिसली ती ऊन उतरताना. नवरा, बायको, दोन पोरी. थोरलीचं नाव रूथ, म्हणून आपल्या रीतीने बाप झाला रारूथ आणि आई मारूथ. त्यांच्या खऱ्या नावांनी जीभ मोडते. शुक्रवारपर्यंत मुक्काम.

माझा मुलगा पोत्लाको खाणीतून येऊन तीन महिने झाले. गावात सांगितलंय, साहेबांनी रजा दिली. खोकतो. खाणीतली धूळ आहे, खोकून खोकून निघेल. निम्मी निघालीच असणार.

निश्चय: पाहुण्यांसमोर त्याने भिंतीला टेकून ताठ बसायचं.

१४ जून, मंगळवार
बसला. टेकूनच, पण बसला.

मारूथ नर्स आहे. न विचारता आत शिरली आणि त्याच्या पाठीला कान लावला. मी म्हटलं, काय बाई, आत कोणी बोलतंय का? हसली नाही. हा टीबी आहे म्हणाली, खालच्या हॉस्पिटलात गोळ्या आहेत, सहा महिने घ्याव्या लागतात, पण पुष्कळ लोक उठतात. शुक्रवारी गाडीची मागची सीट त्याला. पोरी पुढे मांडीवर बसतील. आणि नाही नेलं तर, एवढं बोलून त्याची घोंगडी नीट करू लागली.

बघू म्हटलं. खाली गेलेला शेजारच्या मोफोकाचा भाऊ पेटीतून परत आला. माझा मुलगा पेटीत घालून आणण्यासाठी मी वाढवला नाही.

रात्री त्याने वाटीभर आंबील संपवली. म्हणजे दोन चमचे त्याने, बाकी मी. वाटी रिकामी झाली, हे खोटं नाही.

१५ जून, बुधवार, सकाळ
प्लॅन. पितर रुसले आहेत, त्यांना मेंढी द्यायला हवी. पाहुण्यांनाही मेंढी द्यायला हवी, नाहीतर गाव नाक मुरडेल. कापण्याजोगी मेंढी एकच. मग एकीतच दोन्ही. पहाटे दीर लेबेको गुरांच्या वाडग्यात हळू आवाजात पितरांची नावं घेईल, दुपारी तेच मटण पाहुण्यांच्या ताटात. पितरांना म्हणायचं तुमची, रारूथला म्हणायचं तुमची. दोघं कधी भेटणार थोडेच आहेत.

माझ्या वयाच्या बायका चूल फुंकत बसतात. मी डोकं चालवते.

१५ जून, संध्याकाळ
पहाटेचं सगळं नीट झालं. दुपारचं रारूथने बिघडवलं. आधी विचारलं, न्खोनो (आजी म्हणतो मला, आमच्या भाषेत), ही मेंढी कोणासाठी? मीही मानाने न्ताते म्हटलं, तुमच्यासाठी, न्ताते, आणखी कोणासाठी. झालं. ताटावर हात पसरून उभा राहिला आणि येशूच्या नावाने अशी खणखणीत प्रार्थना केली की पलीकडच्या डोंगरावरच्या गुरांनी माना वर केल्या. मेंढी देवाला दिली, घर देवाला दिलं, मलासुद्धा दिलं.

लेबेकोचा घास हातातच राहिला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, वहिनी, पितरांच्या तोंडातून काढून घेतलंस. आता ते दुप्पट रुसले.

माझी चूक नाही. माणसाने एवढ्या मोठ्याने प्रार्थना करू नये.

१६ जून, गुरुवार
लेबेकोचा निकाल आला. दुसरी मेंढी. तिचं पित्त पोत्लाकोच्या अंगाला लावायचं आणि त्यानंतर तीन दिवस त्याने नदी ओलांडायची नाही. गाडीचा रस्ता नदीतून जातो.

मालीनेओ म्हणाली, आई, गाडी उद्याची आहे. मी म्हटलं, गाडीला चाकं आहेत, परत येईल. तिने आधीच त्याची घोंगडी बांधून दाराशी ठेवली होती. मी सोडली. ती पुन्हा बांधली. मी पुन्हा सोडली. आई कोण त्याची, तू की मी? (हे लिहू नको म्हणते. मी म्हटलं, लिही.)

मारूथ माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझा हात धरला. न्खोनो, तीन दिवस त्याच्याकडे नसतील, असं म्हणाली. या लोकांना घाई फार.

शेवटी लेबेको म्हणाला, त्यालाच विचारा. विचारलं. पोत्लाको म्हणाला, मला जायचंय.

ताप बोलतो तो. लहानपणीही तापात असंच काहीबाही बोलायचा.

१७ जून, शुक्रवार
दुसरी मेंढी सुनेची होती, माहेराहून आणलेली. गाभण. नाइलाज. सकाळीच पित्त लावलं.

आभाळ खाली उतरलं होतं. रारूथने दुपारपर्यंत वाट पाहिली. इंजिन चालूच. मागची सीट मोकळी, वर उशी. पोत्लाको दारापर्यंत आला, भिंत धरून, स्वतःच्या पायांनी. तेव्हा मी म्हटलं, बघा, पित्ताचा गुण आला. सगळ्यांनी पाहिलं, तो चालला.

मालीनेओने त्याचा दंड धरला आणि गाडीकडे वळवलं. मी मधे उभी राहिले. ओरडले नाही, फक्त उभी राहिले. आईला बाजूला सारून कोणी मुलगा पुढे जात नाही. तो वळला आणि आत जाऊन झोपला.

रारूथला म्हटलं, सोमवारी या, तीन दिवस भरतील, मी स्वतः बसवून देते. येतो म्हणाला. मारूथने खिडकीची काच वर केली नाही, एवढ्या थंडीत.

मी जिंकले. सोमवार काही लांब नाही.

१८ जून, शनिवार
बर्फ. गुडघाभर. चांगलं आहे, बर्फाने हवा धुतली जाते. छातीला बरं.

१९ जून, रविवार
बर्फ. सून बोलत नाही. लिहिते फक्त.

२० जून, सोमवार
तीन दिवस पूर्ण. ठरल्याप्रमाणे पोत्लाको आता नदी ओलांडू शकतो. नदी दिसत नाही. रस्ताही नाही. घोड्यावर न्यायचा विचार केला, पण लेबेकोचा घोडा खिंडीच्या अलीकडूनच परतला, पोटापर्यंत भिजून.

वाटीत थोडं लाल पडलं. मी राख टाकली वर.

२१ जून, मंगळवार
खोकला थांबला. मी म्हटलंच होतं.

२२ जून, बुधवार
आज काही नाही लिहायचं.

२८ जून, मंगळवार
रस्ता मोकळा झाला आणि गाडी आली. पोरींना आणलं नव्हतं. मागच्या सीटवर गादी घातलेली, वर दोन घोंगड्या.

मारूथ सरळ आत गेली आणि बाहेर आली. मी तिला वाडग्यामागे नेलं. मातीवर रचलेले दगड अजून नवे आहेत, खाली बसायला वेळ लागेल. मी म्हटलं, काय करणार, बाई, बर्फ पडला. ती म्हणाली, हो, बर्फ पडला. रारूथने टोपी काढली. प्रार्थना केली असेल, ओठ हलत होते. या वेळी आवाज आला नाही.

मालीनेओ दारात बसून होती. डोकं भादरलेलं, अंगावर काळं. पाहुण्यांना चहा तिनेच दिला.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, वही आण. मला वाचता येत नाही, तर निदान ऐकू दे, कसं झालं ते. रस्त्याने दगा दिला, बर्फाने दिला, सगळं तारीखवार असेल. तिने पहिल्या दिवसापासून वाचलं. काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. मीच बोललेलं सगळं. शुक्रवार आला. तो तिने सावकाश वाचला.

मी म्हटलं, पुढे.

ती पुढे गेली नाही. शुक्रवारच पुन्हा वाचला. मी थांब म्हटलं नाही.