चौथ्या दिवसाचा कुपा

आई, आज सून विचारत होती, उरलेला ट्युना, म्हणजे आपला कुपा, फ्रिजमध्ये किती दिवस चालतो. मी म्हटलं, दोन, फार तर तीन. आणि मध्ये लाइट गेली असेल तर एकही नाही. "कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. माझ्या आईनं, मी म्हटलं. पुढचं सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि तू तिथल्या एका साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायचीस. मी नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी असली की तुझ्याबरोबर यायचे, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला, छोटीला, खेळवायला. रविवारी मुंबईहून बर्फातून कुपा आला होता. तू तो तळलास, उरलेला फ्रिजमध्ये ठेवलास. सोमवारी दिवसभर करंट नव्हता. बुधवारी दुपारी पाहुणे जेवायला येणार होते, आणि बाईसाहेब म्हणाल्या, त्याच माशाचे कटलेट कर.

तू वाडगा नाकाशी धरलास. "नको बाईसाहेब. चौथा दिवस झाला."

"वास तरी येतोय का? मग फ्रिज कशाला घेतलाय?"

"कुपा वास न येता बिघडतो. आमच्या गावात बघितलंय मी."

"उकळून घे."

"उकळून काय उपेग नाय," तू म्हणालीस. घाबरलीस की तुझं कोकणातलं बोलणं बाहेर यायचं. "पाहुण्यांच्या पानात मी नाय वाढणार."

बाईसाहेब पाय आपटत आत गेल्या. तू वाडगा ओट्यावर ठेवून मागच्या अंगणात खड्डा खणायला गेलीस. मी एक तुकडा उचलला. घरी कधी मिळत नसे असा मासा. छोटीनं आ केला, तिलाही एक भरवला.

तू मासा पुरून हात धुतेस तोच छोटी रडायला लागते. तोंड लालबुंद, मानेवर गांधी उठलेल्या, मग उलटी. तू तिला उचलून दवाखान्याकडे धावतेस, मागून बाईसाहेब, त्यांच्यामागे मी. डॉक्टर विचारतात, काय खाल्लं? तू माझ्याकडे बघतेस. माझ्या बोटांना हळद-तेल लागलेलं आहे. मी मान हलवते, नाही.

"कुपा, साहेब. चार दिवसांचा," तू म्हणतेस. "माझ्याच हातून दिला गेला."

संध्याकाळपर्यंत छोटीचा चेहरा निवळला, ती दूध प्यायली. बाईसाहेबांनी तुला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सकाळी तू नको म्हणाली होतीस, हे त्यांना आठवलं नाही आणि तू आठवण करून दिली नाहीस. घरी येताना वाटेत तू मला काहीच विचारलं नाहीस, रागावलीही नाहीस. नंतरही कधी नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मीही खाल्ला होता, आई. दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळा वेळ मी माझे हात लाल होतात का ते बघत होते. आत सगळे तुला बोलत होते, ते मला ऐकू येत होतं. पण तेव्हा मला तुझी काळजी वाटत नव्हती. फक्त माझीच वाटत होती.