बाबांचा स्कॅन झाला

दादा,

बाबांचा स्कॅन झाला. त्यांना घरी सोडून मी परत ड्यूटीवर जातेय, अजून पेशंट खोळंबलेत. ते आतल्या खोलीत पडलेत. अंगात अजून किरणोत्सारी औषध आहे, म्हणून तुझ्या छोटीला रात्रीपर्यंत त्यांच्या मांडीवर देऊ नकोस, कितीही भोकाड पसरलं तरी. त्यांना पाणी मात्र सारखं पाजत राहा.

दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होईना, म्हणून स्कॅन मीच केला. करायला नको होता. गाठ फुप्फुसापुरतीच आहे की पुढे सरकलीय, ते पडद्यावर लख्ख उजळून दिसतं. मशीनवरून उतरताना बाबांनी विचारलं, "काय गं, काय दिसलं?" मी रोज सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, "डॉक्टर सांगतील." त्यावर ते हसले. म्हणाले, "माझ्याशी अशी परक्यासारखी कधी बोलली नव्हतीस." मग घर येईपर्यंत गाडीत माझा हात धरून बसले.

रिपोर्ट उद्या डॉक्टर तुला समोर बसवून सांगतील. तोवर मला फोन करू नकोस, मला खोटं बोलता येणार नाही. तुझं रविवारचं परतीचं तिकीट तेवढं रद्द कर.

चिमी