वृषालीचा सिग्नल्सचा पेपर आणि माझं मोजकं बोलणं

१२ ऑक्टोबर, सकाळी
माझी नात वृषाली इंजिनिअरिंगच्या सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये पुन्हा नापास. विजयसिंह म्हणाला, "आता सुटली तर सुटली. न्हायतर अंथुर्ण्याच्या पाव्हण्यांना हो म्हणून टाकतो." माझ्या पोटचा मुलगा आणि ही भाषा. शिसारी आली. मीच शिकवीन, असं जाहीर केलं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस माझी गणिताची वही साऱ्या वर्गाला दाखवायच्या. कशासाठी, ते आता आठवत नाही.

१३ ऑक्टोबर
पुस्तक वाचलं. ओंगळ छपाई. आमच्या पुस्तकांना कसा कोऱ्या कापडासारखा वास यायचा.
विषय मात्र सोपा. आत काही टाकायचं, बाहेर काही येतं; मधलं खोकं म्हणजे सिस्टिम. दुप्पट टाकल्यावर दुप्पट आलं की लीनियर. आज टाका नाहीतर आठवड्याने, तेवढंच आलं की टाइम इनव्हेरिअंट. आत टाकलेलं मर्यादेत असताना बाहेर येणारंही मर्यादेत राहिलं, तर स्टेबल.
मी स्वतः स्टेबल. मोजकं बोलणारी.

१५ ऑक्टोबर
पहिला तास. उदाहरण घरचंच, साखर कारखाना. ऊस आत, साखर बाहेर. दुप्पट ऊस, दुप्पट साखर. तोडलेला ऊस आज गाळा, पुढच्या आठवड्यात गाळा, साखर तेवढीच. वृषालीने एकच शंका विचारली. ओघात पाचगणीचं धुकं, माझं लग्न आणि हल्लीच्या मुलींचे मोकळे केस हेही सांगून झालं. जेवणं साडेतीनला.
उद्यापासून मुद्द्यापुरतंच.

२९ ऑक्टोबर
कॉलेजची चाचणी. तीसपैकी सहा. तिने कारखाना लिहिला होता.
विजयसिंह पोट धरून हसला. "आई, तोडल्याला ऊस फडात वाळत पडला की साखरंचा उतारा घटतो. हितं शेंबड्या पोराला ठावं हाय. सून म्हणून आल्यापास्नं तू ऊस बघितलाच न्हाय व्हय?"
बघितलाय. खाल्लाही आहे, सोलून दिलेला.
सुधारायला कारखान्याने हवं. माझ्या शिकवण्यात खोट नाही.

४ नोव्हेंबर
वृषाली बारामतीला मैत्रिणीच्या खोलीवर गेली. म्हणे अभ्यासासाठी. तिथे मोबाइलवर कोणी हिंदी मास्तर चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये शिकवतो. इस्त्री नसलेल्या माणसाकडून गणित. किळस आली.
लहानपणी माझा पदर मुठीत धरून झोपायची. पिशवीत लाडू ठेवले. रोज फोनवर शिकवायचं ठरवलं.

१० नोव्हेंबर
फोन उचलत नाही. आमच्या शेळगावचं नेटवर्कच भिकार. स्टेबल म्हणजे काय, यावर व्हॉइस मेसेज पाठवला, जरा लांबला. उत्तर आलं, "हो आजी." म्हणजे समजलं.

६ जानेवारी, दुपारी
वृषाली पास. विजयसिंहाने अंथुर्ण्याला नकार कळवला, पेढे आणले. संध्याकाळी शेजारणींना चहाला बोलावलंय. माझ्या शिकवण्याच्या पद्धतीवर दोन शब्द बोलेन. फक्त दोन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सगळ्यांसमोर वृषालीला विचारलं, माझं शिकवलेलं काय कामी आलं? ती गळ्यात पडली. म्हणाली, "आजी, तोंडी परीक्षेत तूच वाचवलंस गं."
सरांनी रोजच्या जगण्यातली अनस्टेबल सिस्टिम विचारली होती. तिने सांगितलं, आमची आजी. आत एक शंका टाकली की बाहेर येणारं थांबतच नाही. सरांनी पैकीच्या पैकी दिले.
शेजारच्या छबूबाईंना पेढ्याचा ठसका लागला. विजयसिंह म्हणाला, "पोरगी खरंच शिकली की."
मी खुलासा करायला तोंड उघडलं. सगळ्या पदर सावरून उठल्या.
चहा अजून उकळायचा होता.